मुंडकं कोन तपासन?

नालवाडीच्या वळणावर, सायकलच्या दुकानाच्या भिंतीला लागून, दर बुधवारी आणि रविवारी सकाळी पंचफुला पचारे मासोळी घेऊन बसते. एसटीतून निवृत्त होऊन मी इथं घर बांधलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरी शिजलेली जवळजवळ प्रत्येक मासोळी तिच्याच विळीवरून आलेली आहे.

पहिल्या दिवशी मी एका मोठ्या कतल्याकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, "तो नोको घेऊ, भाऊ. कालचा हाय. हा रोहू घे, आज पहाटेचा."

मला वाटलं, विकण्याची ही काहीतरी नवीन रीत असेल. पुढं कळलं, बाईला खोटं बोलायचाच कंटाळा आहे. कुणाच्या घरी दुखणं आहे, कुणाच्या लेकराला काटा लागतो, कुणाच्या सासूला मरळ चालत नाही, हे सगळं तिला पाठ. माझ्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं मला न विचारताच रश्शाच्या मासोळ्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या.

पंचफुला भोई समाजाची. केळझरच्या रस्त्यावरून आत गेलं की चिचघाट नावाचं गाव आहे, तिथं तिचं घर. दाराशीच तलाव. नवरा घनश्याम लहानपणापासून त्या तलावात जाळं टाकत आला. मच्छीमार संस्थेकडे तो तलाव आणि पलीकडचं रानवाडीचं छोटं धरण, अशी दोन पाणी होती. मुलगा कुंदन वेल्डिंगच्या कामाला जातो. सून दामिनी बारावी शिकलेली, आणि मी सांगतो आहे त्या वर्षी तिला पाचवा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण. पंचफुलेच्या तोंडून त्या दिवसांत दुसरा विषय निघत नसे.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका रविवारी मी मासोळी घ्यायला गेलो तर तिच्यासमोर एक मुलगी स्टुलावर बसलेली. पायाशी बर्फाची पेटी, मांडीवर छापील फॉर्मांचा गठ्ठा. तिचं नाव माधवी. वर्ध्याच्या एका कॉलेजात ती संशोधन करत होती. आपल्या तलावांतल्या माशांत शिसं, पारा, शेतातल्या फवाऱ्यांची औषधं असं काही उतरतं का, आणि ते खाणाऱ्याच्या पोटात किती जातं, हे तिला शोधायचं होतं. चार ठिकाणची मासोळी ती घेत होती आणि विकणाऱ्यांना, खाणाऱ्यांना प्रश्न विचारत होती.

"मावशी, तुमच्या घरी आठवड्यातून किती वेळा मासे खातात?"

"कोन्या आठवड्यात?"

"म्हणजे साधारण."

"साधारन असं काई नसते, बाई. पान्याच्या दिवसात रोज. उन्हाळ्यात जे उरलं ते."

"आणि एका वेळी माणशी किती ग्रॅम?"

पंचफुला हसली. "मी दुसऱ्याले मोजून देतो. घरी कोन मोजते?"

माधवीनं फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मग एका रोहूकडे बोट दाखवून म्हणाली, "हा द्या. डोकं-पोट काढून, नुसते तुकडे."

पंचफुलेनं मासोळी साफ केली, तुकडे पिशवीत भरले आणि सवयीप्रमाणे मुंडकं आपल्या डब्यात टाकलं. मग थांबली.

"हे नाई नेत तुमी?"

"नाही. आम्ही मांसच तपासतो. लोक तेच खातात ना."

"कोनते लोक?"

माधवीला प्रश्न कळला नाही. पंचफुलेनं विळी बाजूला सारली आणि डबा पुढं केला. आत तीन-चार मुंडकी, काढलेलं पोटातलं, आणि बोटाएवढ्या बारीक मासोळ्या.

"हे भाऊ हायेत ना," माझ्याकडे बघत ती म्हणाली, "हे आठ दिवसांतून एकदा येते, रोहूचे तुकडे नेते. त्यायचं तुमचं बराबर हाय. पन तुकडे विकले जाते. मुंडकं, कलेजी आन् हे बारीक, हे आमच्या चुलीवरच्या गंजात जाते. बारीक मासोळी त आमी काट्यासकट खातो. लेकराईले मुंडक्याचा रस्सा. पोटुशी बाईले त आधी मुंडकं. तुमी तुकडे नेऊन राह्यल्या. मुंडकं कोन तपासन?"

माधवीनं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "मावशी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"तुमी विचारलं काई?"

त्या दिवशी माधवी तो डबाभर माल पेटीत घालून घेऊन गेली. आणि दुसऱ्या आठवड्यात ती चिचघाटला पंचफुलेच्या घरी पोचली.

पुढचे पंधरा दिवस त्या गावात जे चाललं त्याची हकीकत मला दामिनीनं नंतर सांगितली. भोयांची चौदा घरं. पंचफुला रोज संध्याकाळी चुली पेटायच्या आधी तराजू घेऊन घरोघर फिरायची. तुकडे वेगळे, मुंडकी वेगळी, बारीक वेगळं, असं वजन करायचं आणि दामिनीनं वहीत लिहायचं. सुरुवातीला बायका चिडवायच्या. "काऊन वो पंचफुला, आता शिजवलेलंई मोजशीन का?" पंचफुला म्हणायची, "तुह्या पोटात किती जाते ते पाहू दे. मंग तूच म्हनशीन, बरं झालं मोजलं." तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बायका आपणच ताटलीत मासोळी वेगळी काढून वाट बघायला लागल्या.

वही भरली तेव्हा माधवीचे डोळे विस्फारले. तिच्या जुन्या फॉर्मांप्रमाणे माणूस आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा मासे खात होता. चिचघाटचे भोई आठवड्यातून पाच दिवस खात होते. एकेका वेळी माणशी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त बारीक मासोळी आणि मुंडकी.

मार्च संपता संपता तपासणीचे आकडे आले. रविवारी गिऱ्हाइकांच्या गर्दीत माधवी आली आणि बाजूला उभी राहिली. मी तिथंच होतो. गर्दी ओसरेपर्यंत ती काही बोलली नाही, तेव्हाच पंचफुलेनं ओळखलं.

"बोला, बाई."

"चारांपैकी तीन पाणी ठीक आहेत, मावशी. रानवाडीचं तर एकदम चांगलं." तिनं हातातला कागद उलटला. "चिचघाटच्या तलावात शिसं आहे. रोहूच्या तुकड्यात थोडंच आहे, मर्यादेच्या आत. पण मुंडक्यात, कलेजीत आणि बारीक मासोळीत फार जास्त निघालं. बारीक मासोळीत मर्यादेच्या पाचपट."

"म्हंजे या भाऊले काई होनार नाई."

"त्यांनी आठवड्यातून एकदा तुकडे खाल्ले तर चिंतेचं कारण नाही."

"आन् आमाले?"

"तुम्ही रोज खाता. लहान मुलांना त्याचा त्रास जास्त होतो, शिसं डोक्याच्या वाढीत अडथळा आणतं. आणि पोटातल्या बाळाला आईकडून जातं."

पंचफुलेच्या हातातला रोहू अर्धा खवललेला होता. तिनं तो तसाच पाटीत ठेवला, हात धुतले आणि म्हणाली, "भाऊ, माह्या पाटीकडे पाहजो जरा. मी घरी जातो." आणि ऑटोत बसून ती खरंच निघून गेली. मुंडकी आणि बारीक बाजूला काढून उरलेली मासोळी त्या दिवशी मी विकली. जन्मात पहिल्यांदा, आणि फार वाईट.

दुसऱ्याच दिवशी माधवीनं तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून दामिनीचं रक्त काढून नागपूरला पाठवायची सोय केली. उत्तर यायला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत पंचफुला बाजारात आली, पण पाटीत फक्त रानवाडीची मासोळी. दामिनीला तिनं मुंडकं बंद केलं होतं. पोरगी विचारायची, "आई, माह्यं काई चुकलं काय?" पंचफुला सांगायची, "तुह्यं काई नाई चुकलं. मीच खाऊ घालत होतो ना तुले, माह्या हातानं." हे मला सांगताना तिचा आवाज फुटला. अकरा वर्षांत तेवढा एकदाच.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. रक्तात शिसं होतं, असायला नको एवढं, पण घाबरावं इतकं नाही. डॉक्टरांनी दामिनीला समोर बसवून सांगितलं, औषधाची गरज नाही, जिथून येत होतं ते बंद करा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, दूध, पालेभाजी, तीळ खा आणि दर महिन्याला येऊन दाखवत राहा. पंचफुला विचारत होती, "मासोळी साफ बंद करू काय, साहेब?" डॉक्टर म्हणाले, "मासोळी कशाला बंद करता? चांगल्या पाण्यातली खाऊ घाला. तिला ती हवीच आहे."

हे ऐकून पंचफुलेचा जीव भांड्यात पडला. मासोळी वाईट नाही, ते पाणी वाईट आहे, एवढं तिला पक्कं कळलं. आणि मग ती संस्थेच्या मीटिंगला गेली.

संस्थेचे अध्यक्ष बाबाराव पचारे म्हणजे नात्यानं तिचे थोरले दीर. त्यांच्यासमोर ती एरवी पदर सावरून, तोंड वळवून दोन शब्द बोलायची. समाजमंदिरात पंचवीस-तीस माणसं जमली होती. माधवीनं आपला कागद समजावून सांगितला. मग बाबाराव उठले.

"हे कागद इथंच ठेवा. बाहेर गेलं त वर्ध्यात आपली मासोळी कोनी घेनार नाई. आपल्या बापजाद्यायनं ह्याच तलावाची मासोळी खाल्ली. काय झालं?"

"तवा तलावात हे नव्हतं, दादा," पंचफुला म्हणाली.

"तुले कसं मालूम?"

"मले नाई मालूम. म्हनून त तपासा लागते."

"मासोळी अशी चकचकीत निंघून राह्यली. वास नाई, डाग नाई."

"तेच त. डोयानं दिसलं असतं त मीच फेकली असती. दिसत नाई म्हनून सांगा लागन."

"कोनाले सांगशीन?"

"घेनाऱ्याले. रविवारी मी बाजारात सांगनार हावो."

घनश्याम आतापर्यंत मान खाली घालून बसला होता. कमी बोलणारा माणूस. तो उठला आणि म्हणाला, "दादा, ती सांगनच. मलेई ते बराबर वाटते. माह्यं जाळं उद्यापासून चिचघाटात पडनार नाई."

बाबाराव रागानं निघून गेले. त्यांच्या मागं निम्मी माणसं गेली.

रविवारी पंचफुलेनं खरंच सांगितलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला. "ही रानवाडीची हाय. चिचघाटच्या तलावात शिसं निंघालं, तिथली मी आनत नाई. कोनी देलीच त मुंडकं आन् बारीक लेकराईले देऊ नोका." लोक ऐकायचे, पाटीकडे बघायचे आणि काही न घेता जायचे. शेजारी बसणाऱ्या प्रमिलाबाईंनी तर तिच्याशी बोलणं टाकलं. "तुह्या तोंडापायी माह्यंई गिऱ्हाईक गेलं," म्हणाल्या. दोन रविवार ती जवळजवळ भरली पाटी घेऊन परत गेली. मी आणि आणखी सात-आठ जण नेमानं घेत होतो, पण आम्ही किती खाणार!

तिसऱ्या रविवारी एक गंमत झाली. तिच्यासमोर एक शाळामास्तरीण उभी राहिली आणि म्हणाली, "बाकी सगळे म्हणतात आमची चांगली आहे. तुम्हीच एकट्या सांगता की कुठली वाईट आहे. मग मी तुमच्याकडूनच घेईन." ती गेल्यावर पंचफुला माझ्याकडे बघून लहान पोरीसारखी हसली.

पण खरं काम तर तलावाचं होतं. शिसं आलं कुठून, हे माधवीला कळत नव्हतं. तिच्याकडे पाण्याचे आकडे होते. पाण्याच्या खोडी घनश्यामला ठाऊक होत्या. तो म्हणाला, "तीन वर्सापासून तलावात येनाऱ्या नाल्याच्या तोंडाशी मासोळी थांबत नाई. जाळं तिथं रिकामं येते. पयले तिथंच जास्त भेटे." माधवी, घनश्याम आणि पंचफुला तिघं नाल्याच्या काठानं वर चालत गेले. दीड-दोन किलोमीटरवर, बाभळींच्या आड, पत्र्याचं एक शेड. कुणीतरी तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवत होता. बॅटऱ्यांतलं पाणी सरळ नाल्यात, काळा गाळ सगळीकडे. शेडमध्ये काम करणाऱ्या दोन मजुरांना पंचफुलेनं विचारलं, "तुमचे लेकरं इथंच खेयते काय?" ते म्हणाले, "हो." तिनं कपाळाला हात लावला.

माधवीनं नाल्यातला गाळ डब्यांत भरून नेला. त्याचे आकडे आल्यावर कलेक्टरच्या नावानं तक्रार लिहिली गेली. सही करायला घरोघर जायचं काम पंचफुलेचं. चौदा घरांपैकी अकरा घरांनी सही केली. बाबारावांच्या दारापुढून मात्र ती तशीच पुढं गेली. त्यांना नाही म्हणायची पाळी आणायची नाही, असं तिनं ठरवलं होतं.

त्याच संध्याकाळी बाबारावच तिच्या अंगणात आले. हाताशी नात, स्वीटी, साडेचार वर्षांची. म्हातारा खाटेवर बसला. पाणी प्याला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "पंचफुला, हिचं रगत तपासता येते काय? लय चिडचिड करते. पोट दुखते म्हनते. मुंडक्याच्या रश्शाबिगर जेवतच नव्हती."

पंचफुलेनं पोरीला उचलून घेतलं. "येते ना, दादा. उद्याच नेतो."

स्वीटीच्या रक्तात दामिनीपेक्षा जास्त शिसं निघालं. बाबारावांनी रिपोर्ट हातात घेतला, नीट घडी घालून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तक्रारीवर पहिल्या ओळीच्याही वर, जिथं जागा नव्हती तिथं, आपली सही केली. मग ते स्वतः कलेक्टर कचेरीत जाऊन बसले. एकदा नाही, पाच वेळा. अधिकारी पाहणीला आले, शेडला कुलूप लागलं. काळा गाळ उचलून न्यायला पावसाळ्यापर्यंत वेळ गेला, आणि तलावाच्या तळाशी बसलेलं शिसं काही एका वर्षात जाणारं नाही, हे माधवीनं सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. संस्थेनं ठराव केला, चिचघाटात मासेमारी बंद. त्याच्या बदल्यात शेजारच्या गावाचा, तपासून घेतलेला एक तलाव त्यांना मिळाला. थोडा लांब आहे. घनश्याम आता तिथं सायकलनं जातो आणि म्हणतो, मरळ तिथलीच चवदार.

श्रावणाच्या आधी दामिनी बाळंत झाली. मुलगी. नाव ठेवलं आचल. बारशाला मी आणि माझी बायको दोघंही चिचघाटला गेलो होतो. पोरगी गुटगुटीत, सारखी हात हलवणारी. माधवी पण आली होती. पंचफुलेनं तिला पानात रानवाडीचे झिंगे वाढले आणि ती अडखळली, तेव्हा उलगडा झाला की ही मुलगी जन्माची शाकाहारी. सगळं अंगण हसलं. "बाप्पा! सहा महिने आमची मासोळी मोजली आन् एक घास खाल्ला नाई?" म्हणून पंचफुलेनं तिच्यासाठी वेगळा वरण-भात टाकला.

स्वीटीचं रक्त सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं. प्रमाण अर्ध्यावर आलं होतं, आणि पुढच्या खेपेला आणखी उतरलं. पोट दुखणं थांबलं. बाबाराव तिला सकाळी अंगणवाडीत सोडतात आणि परत येताना नाल्यावर चक्कर मारून येतात, कुणी पुन्हा शेड टाकलं का बघायला.

माधवीचा अहवाल छापून आला. त्यात मासे खाणाऱ्यांचे दोन गट केलेले आहेत. विकत घेऊन तुकडे खाणारे एक, आणि मासेमार कुटुंबं दुसरी. किती ग्रॅम, काय काय, सगळं वेगळं मोजलेलं. दामिनीनं तो वाचून सासूला समजावला. त्यात शेवटी आभाराच्या पानावर पंचफुला पचारे हे नाव आहे. ते पान तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मासोळीच्या पाटीमागच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं होतं. त्याला मासोळीचा वास लागला तशी मग ते घरी नेऊन ठेवलं.

मागच्या बुधवारी तिची जागा रिकामी होती. प्रमिलाबाई म्हणाल्या (आता त्या पुन्हा बोलतात), "पुलगावकडे गेली. तिकडच्या भोयाच्या बायाईनं बोलावलं." रविवारी ती आली तेव्हा मी विचारलं, कशी झाली वारी. ती पाटी उतरवता उतरवता सांगायला लागली. पुलगावपर्यंत पॅसेंजरनं गेली, पुढं बैलबंडीतून एका नदीकाठच्या गावात. तिथल्या बायांना वजन कसं करायचं ते दाखवलं. माधवीनं आधीच तिथली मासोळी नेऊन तपासली होती, त्याचा निकाल पंचफुलेनंच सांगितला.

"काय निघालं?" मी विचारलं.

"काईच नाई निंघालं, भाऊ. मुंडकं चांगलं, कलेजी चांगली, बारीक चांगलं. सगळं चांगलं." तिनं विळी पुसली. "दोन दिवस राह्यलो. चार वेळा जेवलो. एका बुढीनं असा रस्सा केलता न, वाम मासोळीचा, मी दोनदा मांगून घेतला. आता सांग, रोहू देऊ का कतला?"